परत पाठवलेल्यांचा आकडा

रक्तदान शिबिराची दुसऱ्या दिवशीची बातमी एका साच्यातून काढलेली असते. अमुक साहेबांच्या वाढदिवसानिमित्त, तमुक मंडळाच्या वतीने, इतक्या बाटल्या रक्त संकलित झाले. उद्घाटन कोणाच्या हस्ते, प्रमुख उपस्थिती कोणाची, शिबिराच्या यशस्वितेसाठी कोणी परिश्रम घेतले, सगळे यथासांग. फोटोत खाटेवर आडवा झालेला एक बिचारा तरुण आणि त्याच्याभोवती कॅमेऱ्याकडे पाहत उभे असलेले सात-आठ पुढारी. या बातमीत एक आकडा मात्र कधी सापडत नाही. रक्त द्यायला आलेल्यांपैकी किती जणांना रक्त न घेता परत पाठवले? हा आकडा म्हणजे नामुष्की, असे आयोजकांना वाटत असावे. आमच्या मते शिबिर नीट झाले की नाही हे सांगणारा आकडा तेवढाच आहे.

कोणत्याही शिबिरात नोंदणीच्या टेबलाशी थोडा वेळ उभे राहून पाहावे. दात्याने भरायचा अर्ज छापील, बारीक अक्षरांचा. वर नाव, वय, वजन, पत्ता. खाली प्रश्नांची माळ. काल रात्री झोप झाली का, काही खाल्ले आहे का इथपासून कावीळ, हिवताप, टायफॉइड, क्षयरोग, फिट, हृदयविकार, गोंदवणे, कुत्रा चावणे, चालू असलेली औषधे आणि शेवटी शरीरसंबंधांबद्दलचे अवघड प्रश्न. हे दात्याने निवांत वाचून, समजून भरावे अशी अपेक्षा आहे. प्रत्यक्षात रांग सरकावी म्हणून मंडळाचा एखादा कार्यकर्ताच पेन घेऊन बसतो. ‘नाव सांग. वजन? आधी दिलंयस का? ताप-बीप, कावीळ वगैरे काही नाही ना? कर सही.’ ‘काही नाही ना’ असे विचारल्यावर ‘आहे’ म्हणणारा माणूस विरळा. उरलेल्या साऱ्या चौकटींवरून पेन एका दमात खाली येते, नाही, नाही, नाही. मागे स्पीकर चालू, शेजारी मित्र, टेबलापलीकडे गल्लीतलेच कोणी काका. पत्नीखेरीज अन्य कोणाशी संबंध आला होता का, हा प्रश्न तिथे मोठ्याने वाचणार कोण आणि त्याला उत्तर देणार कोण? विचारलेच कोणी नाही, तेव्हा कोणी खोटे बोलले असेही म्हणता येत नाही. सही मात्र झालेली असते, आणि वर दिलेली माहिती खरी आहे असे तिच्या डोक्यावर छापलेले असते.

यावर ठरलेले उत्तर असे की, पुढे रक्ताची तपासणी होतेच, मग एवढी चौकशी कशाला? हा समज इतका पक्का बसला आहे की चांगले शिकलेले लोकही तो बोलून दाखवतात. तपासणी होते हे खरे. प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस हा गुप्तरोग आणि हिवताप या पाचांसाठी चाचणी करणे आपल्याकडे बंधनकारक आहे. पण या चाचण्यांना दिसत नाही असा एक काळ असतो. विषाणू शरीरात शिरल्यापासून तो चाचणीत उमटेपर्यंत मध्ये दिवस जातात. एचआयव्हीच्या प्रतिपिंड शोधणाऱ्या चाचणीत हा काळ साधारण तीन आठवड्यांचा धरतात. विषाणूचा जनुकीय अंशच शोधणारी ‘नॅट’ ही महागडी चाचणी तो दहा-बारा दिवसांवर आणते, शून्यावर नाही. शिवाय सगळ्याच रक्तपेढ्यांत ती होत नाही. हिपॅटायटिसच्या बाबतीत नेहमीच्या चाचण्यांना तर याहून जास्त दिवस लागतात. या मधल्या दिवसांत त्या माणसाला ना ताप असतो, ना कसले दुखणे. गेल्या महिन्यात आपण काय केले, हे त्या एकट्याला ठाऊक असते. तिथे त्याच्या शब्दाखेरीज दुसरी चाचणी नाही.

हिवतापाचे पाहा. रक्तात जंतू अगदी थोडे असतील तर काचपट्टीवर ते सहज निसटतात. म्हणून बरे झाल्यावरही तीन महिने थांबावे असा नियम आहे. टायफॉइड झाला असेल तर वर्षभर. टायफॉइड, डेंग्यू, पोटात चालू असलेले प्रतिजैविक यांसाठी रक्तपेढी तपासणीच करत नाही; विचारते फक्त. केस गळू नयेत म्हणून फिनास्टेराइड आणि मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन घेणारी मुले आज कॉलेजांत शेकड्याने आहेत. ही गोळी ‘औषध’ आहे हेच त्यांच्या मनात येत नाही, आणि आले तरी मित्रांसमोर केसांची गोळी कबूल करणे म्हणजे वर्षभराच्या चेष्टेची बेगमी. त्या गोळ्या पोटातल्या गर्भाला घातक ठरू शकतात. शेवटच्या गोळीनंतर निदान महिनाभर रक्त द्यायचे नाही ते एवढ्यासाठी, कारण ती पिशवी एखाद्या गरोदर बाईला चढणार नाही याची हमी कोणी देऊ शकत नाही. यातली एकही गोष्ट यंत्रात दिसत नाही.

शिवाय आता एक बाटली एकाच रोग्याला जाते असे राहिलेले नाही. पिशवी रक्तपेढीत पोचली की ती फिरवून तांबड्या पेशी, प्लेटलेट आणि प्लाझ्मा वेगळे करतात. तांबड्या पेशी शीतकपाटात महिनाभराहून अधिक टिकतात. प्लेटलेट खोलीच्या तापमानाला, सतत हलवत ठेवाव्या लागतात आणि पाच दिवसांत वापराव्या लागतात. दात्याच्या रक्तात जंतू असले तर याच उबदार पिशवीत ते वाढतात. काल जुलाब होत होते किंवा परवा दात काढला हे दात्याने गिळून टाकले, तर डेंग्यूच्या साथीत प्लेटलेटसाठी धावाधाव करणाऱ्या घरापर्यंत ते पोचते. एका माणसाने लपवलेली गोष्ट तीन खाटांवर जाऊ शकते.

थॅलेसेमियाच्या मुलांचा विचार केला की हे आणखी बोचते. त्यांना दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागते, तेही आयुष्यभर. जन्मल्यापासून वीस वर्षांचे होईपर्यंत किती अनोळखी माणसांच्या खरेपणावर एका मुलाला जगावे लागते, याचा हिशेब ज्याने त्याने करावा. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने माहितीच्या अधिकारात २०१६ साली दिलेल्या उत्तरानुसार ऑक्टोबर २०१४ ते मार्च २०१६ या काळात देशात २,२३४ जणांना रक्त घेतल्यामुळे एचआयव्हीची लागण झाली होती. रुग्णांनी स्वतः सांगितलेल्या कारणावरून केलेली ही नोंद, तेव्हा तिच्यात थोडे इकडे-तिकडे असेल. पण तिच्यातले निम्मे जरी धरले तरी झोप उडावी.

मग लोक लपवतात का? दाता मुळात वाईट नसतो. रांगेत उभा राहणारा माणूस कोणाचे तरी भले व्हावे म्हणूनच आलेला असतो. पण आपण शिबिराची सारी मांडणीच अशी केली आहे की खोटे बोलणे फुकट आणि खरे बोलणे महाग. रिचर्ड टिटमस या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने १९७० साली ‘द गिफ्ट रिलेशनशिप’ या पुस्तकात ब्रिटनमधले दान केलेले रक्त आणि अमेरिकेतले विकलेले रक्त यांची तुलना केली होती. त्याचे म्हणणे साधे होते. जो रक्त विकतो त्याला आजार लपवण्यात फायदा असतो. जो देतो त्याला तसा फायदा नसतो. म्हणून दानाचे रक्त अधिक सुरक्षित. आपल्या देशानेही उशिरा का होईना हे मान्य केले. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या जानेवारीत ‘कॉमन कॉज’ संस्थेच्या याचिकेवर निकाल दिला आणि १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देणे बंद झाले. रक्तपेढीच्या दाराशी आठवड्याला हजेरी लावणारे, अंगात रक्त नसलेले धंदेवाईक दाते हळूहळू गेले.

पैसे गेले, वस्तू आल्या. हेल्मेट, प्रवासी बॅग, जेवणाचा डबा, पाण्याचे जार, भिंतीवरचे घड्याळ, कुठे तर सोडतीत दुचाकी. २०२० च्या डिसेंबरात कोरोनामुळे रक्ताचा तुटवडा पडला असताना मुंबईतल्या एका नगरसेवकाने दात्याला एक किलो चिकन आणि शाकाहारी दात्याला पनीर जाहीर केले होते. तुटवडा खरा होता, हेतूही वाईट नसेल; आणि मुंबईकराने ती गोष्ट हसण्यावारी नेली. पण दोन तास रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाला ‘गेल्या महिन्यात मला कावीळ झाली होती’ हे सांगितल्यावर चिकनची पिशवी हातची जाणार असेल, तर तो काय सांगेल? टिटमसचा सगळा सिद्धांत त्या एक किलोत मावतो. एखादे प्रमाणपत्र, चहा-बिस्किटे, फार तर छातीवर लावायचा बिल्ला इथपर्यंत कोणाची तक्रार नाही. त्यापलीकडे गेले की ती खरेदीच होते, नाव काहीही द्या.

वस्तूंपेक्षा मोठी लाच प्रतिष्ठेची. कारखान्यात, पतपेढीत, पोलिस ठाण्यात, कॉलेजात शिबिर लागले की साहेब स्वतः आधी झोपतात आणि मग कोण कोण आले याची यादी होते. तिथे ‘मी देणार नाही’ म्हणणाऱ्याला कारण सांगावे लागते. घाबरलास काय, ही त्यातली सौम्य प्रतिक्रिया. एचआयव्हीची औषधे चालू असलेला किंवा फिट येणारा कर्मचारी काय करील? हात पुढे करील. आणि दवाखान्यातली बदली रक्ताची पद्धत तर याहून वाईट. धोरण काहीही सांगो, आजही कित्येक ठिकाणी नातेवाइकांना ‘दोन बाटल्या आणा, मग मिळेल’ असे सांगतात. सासरे आत शस्त्रक्रियेच्या टेबलावर, बाहेर सगळे घर गोळा, आणि जावयाला विचारले जाते, ‘तुमचा कोणता ग्रुप?’ या जावयाने सगळ्यांदेखत काय सांगावे अशी अपेक्षा आहे?

आणखी एक जमात आहे, ती सर्वांत धोक्याची. मनात शंका आहे, दवाखान्यात जायची लाज वाटते, म्हणून रक्तदान करून फुकटात एचआयव्हीची तपासणी करून घेणारे. चाचणीला दिसत नाही त्या नेमक्या काळातच हे लोक येतात, कारण शंका ताजी असते. यांना सांगणे एवढेच की सरकारी रुग्णालयांतल्या समुपदेशन व चाचणी केंद्रांत ही तपासणी मोफत होते, नाव गुप्त राहते, आणि १०९७ या क्रमांकावर आधी नुसते विचारताही येते. त्यासाठी तिसऱ्याच कोणाला पणाला लावायची गरज नाही.

आता खरे बोललेल्या एका माणसाची गोष्ट. तामिळनाडूत, २०१८ सालची. एकोणीस वर्षांच्या एका तरुणाने नोव्हेंबरच्या अखेरीस नात्यातल्या बाईसाठी शिवकाशीच्या सरकारी रुग्णालयात रक्त दिले. त्या बाईला ते लागले नाही, म्हणून साठ्यात गेले आणि डिसेंबरच्या सुरुवातीला सत्तूर इथे अशक्तपणासाठी दाखल असलेल्या एका गरोदर बाईला चढवले. पुढे काही दिवसांनी परदेशी नोकरीसाठी वैद्यकीय तपासणी करताना त्या मुलाला एचआयव्ही असल्याचे कळले. त्याने काय करावे? काही न करता गप्प बसला असता तर कोणाला पत्ता लागला नसता. तो स्वतः होऊन रक्तपेढीला सांगायला गेला की माझे रक्त वापरू नका. तोपर्यंत उशीर झाला होता. चौकशीत बाहेर आले ते असे की २०१६ साली त्याने एका शिबिरात रक्त दिले होते, तेव्हाच ते बाधित निघाले होते. पण त्याला ते कोणी कळवले नव्हते. दुसऱ्या वेळी तपासणीतही ते निसटले. प्रयोगशाळेतल्या कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली, वर्तमानपत्रे भरली. त्या मुलाने विष घेतले आणि वर्ष संपायच्या आत तो गेला.

या प्रकरणात आपापल्या जागी जे करायला हवे होते ते करणारा माणूस एकच होता, आणि मेला तोच. दात्यांनी प्रामाणिक असावे असे उपदेश करणाऱ्या प्रत्येकाने हे प्रकरण आधी वाचावे. दात्याने खरे सांगायचे तर रक्तपेढीनेही त्याला खरे सांगायला हवे. अर्जावर ‘तपासणीत काही दोष आढळल्यास कळवावे का?’ असा प्रश्न असतो. कार्यकर्त्याचे पेन त्यावरूनही तसेच खाली घसरते. कळवायचे तर नीट पत्ता हवा, फोन दात्याचाच हवा, आणि बोलावून एकांतात बसवून सांगणारा समुपदेशक हवा. घाऊक शिबिरात यातले काय होते?

नियमांचाही थोडा दोष आहे. राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे तृतीयपंथी आणि समलिंगी संबंध असलेल्या पुरुषांना कायमचे वगळतात, मग त्यांचे वागणे कसे का असेना. याविरुद्ध २०२१ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका गेली. त्याच वर्षी ब्रिटनने आणि २०२३ साली अमेरिकेने, तू कोण आहेस यापेक्षा गेल्या तीन महिन्यांत काय केलेस हे सर्वांना सारखेच विचारायचे ठरवले. हे शहाणपणाचे आहे. एकाच जोडीदाराशी राहणाऱ्या माणसाला जन्मभराची बंदी आणि दर शनिवारी नवे दार ठोठावणाऱ्या विवाहित गृहस्थाला नुसती एक चौकट, यातून खरे बोलण्याची सवय वाढत नाही.

करायचे काय, हे कोणाला माहीत नाही असे नाही. बोटातून काढलेला रक्ताचा थेंब मोरचुदाच्या निळ्या पाण्यात टाकतात. तो बुडाला तर हिमोग्लोबिन पुरेसे, तरंगला तर दाता घरी. या चाचणीवर कोणी हुज्जत घालत नाही, कारण बोट टोचणारा टेक्निशियन शांतपणे बसून ती करतो. प्रश्नावलीला तेवढीच जागा आणि तेवढाच वेळ द्या. मांडवाच्या कोपऱ्यात एक पडदा, दोन खुर्च्या आणि रक्तपेढीचा डॉक्टर. मंडळाचा कार्यकर्ता तिथे नको. दात्याने रक्त दिल्यावर गुपचूप खूण करावी, ‘माझे रक्त वापरू नका’, आणि कोणाला न कळता ती पिशवी बाद व्हावी, अशी चिठ्ठीची पद्धत न्यूयॉर्कच्या रक्तपेढीने १९८० च्या दशकातच वापरून पाहिली. साहेबांसमोर झोपावे लागलेल्या कर्मचाऱ्याची आणि त्या जावयाचीही सुटका त्यात आहे. पिशवी वाया जाते, पण माणूस वाचतो. रक्त दिल्यावर चार दिवसांनी ताप आला किंवा काही आठवले तर कळवायचा फोन क्रमांक चहाच्या कपाबरोबर हातात ठेवा.

आणि भेटवस्तू द्यायचीच असेल, हौस दांडगीच असेल, तर ती नोंदणीच्या टेबलावर द्या. खाटेवरून उठल्यावर नको. परत पाठवलेल्यालाही तीच बॅग, तेच प्रमाणपत्र. तो आला, खरे बोलला, आणि एका रोग्याला त्याने वाचवले. त्याचा सत्कार नाही करायचा तर कोणाचा करायचा?

दात्यांना वेगळे काही सांगायला नको. अर्ज स्वतः वाचा, स्वतः भरा. कोणाला पेन देऊ नका. वेळ लागला तर लागू दे. मागच्या रक्तदानाला पुरुषांना ९० आणि स्त्रियांना १२० दिवस झालेले नसतील तर दुसऱ्या पेढीत जाऊन आकडा वाढवू नका. शंभराव्या रक्तदानाची हौस उद्याही भागते. रात्रभर जागून, उपाशीपोटी, रक्तदाबाची गोळी लपवून झोपलात तर घेरी तुम्हालाच येणार आहे. ‘आज माझे रक्त चालणार नाही’ एवढे म्हणणे पुरे. कारण विचारण्याचा अधिकार डॉक्टरखेरीज कोणाला नाही.

रक्तसंकलनात महाराष्ट्र वर्षानुवर्षे देशात आघाडीवर आहे आणि ते भूषणच आहे. तेव्हा आकड्यांची आता चिंता नको. उन्हाळ्यात कॉलेजे बंद झाली की तुटवडा आणि नेत्यांच्या जयंत्या-वाढदिवसांच्या हंगामात पूर, हा घोळ वेगळाच. त्यावर पुन्हा कधी. १ ऑक्टोबरचा राष्ट्रीय ऐच्छिक रक्तदान दिन असो की साहेबांचा वाढदिवस, आयोजकांना आमची एवढीच विनंती आहे. बातमी पाठवताना दोन आकडे पाठवा, किती जणांचे घेतले आणि किती जणांना परत पाठवले. शेकडो माणसे आली आणि परत एकही गेला नाही, असे कळवलेत तर त्या मांडवात कोणी कोणाला काही विचारलेच नाही, असे आम्ही समजू.